रूट कॅनल दादरला करू की बदलापूरला?

प्रश्न: मी ४३ वर्षांची, बदलापूरला राहते आणि दादरला एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम पाहते. आम्ही पंचवीस-तीस जण आहोत. हातात ३८,००० रुपये येतात, त्यातले महिन्याला ६,००० शिल्लक पडतात. तीन दाढांचं रूट कॅनल, त्यांवर कॅप आणि काढलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट सांगितलंय. बदलापूरचे डॉक्टर ७२,५०० सांगतात; ते रात्री साडेनऊपर्यंत आणि रविवारी सकाळी असतात. ऑफिसशेजारचं मोठं क्लिनिक १,२२,००० सांगतं. एकरकमी भरले तर दहा टक्के सूट, नाहीतर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता. ते जेवणाच्या सुट्टीत वेळ देतात. बदलापूरला गेले तर तेरा-चौदा हाफ डे होतील. आमच्याकडे हाफ डेचा पगार कापतात आणि त्या महिन्याचा १,५०० रुपये हजेरी भत्ताही जातो. ६०,००० ची एफडी मोडू की हप्ता घेऊ? डावीकडची दाढ रात्री ठणकते, गोळी घेऊन झोपावं लागतं.

उत्तर: ताई, उपचार बदलापूरलाच करा, आणि हप्ता घेऊ नका.

तुम्हाला सुट्ट्यांची भीती वाटतेय, म्हणून आधी तिचाच हिशेब करू. ३८,००० ला २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे साधारण १,४६० रुपये होतात, म्हणजे हाफ डेचे ७३०. चौदाच्या चौदा फेऱ्यांना पगार कापला गेला तर जातील १०,२०० च्या आसपास. उपचार सहा वेगवेगळ्या महिन्यांत पसरले आणि सहाही वेळा हजेरी भत्ता बुडाला, तर आणखी ९,०००. म्हणजे सगळं वाईटच घडलं तरी १९,२००. दोन्ही क्लिनिकमधला फरक मात्र सूट धरून ३७,३०० आणि सूट न धरता ४९,५०० आहे. जेवणाच्या सुट्टीच्या सोयीसाठी तुम्ही हे जास्तीचे पैसे मोजणार आहात.

शिवाय ती सोय खरंच तेवढी आहे का, तेही बघा. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं की ओठ आणि जीभ दोन ते चार तास बधिर राहतात. तोवर खाऊ नये, कारण गाल चावला तरी कळत नाही. दाढेच्या रूट कॅनलची एक सिटिंग पाऊण-एक तासाची असते. त्यानंतर उपाशीपोटी, जड जिभेनं पार्ट्यांना वसुलीचे फोन करायचे. माझ्या मते ती अर्ध्या दिवसाची रजाच झाली, फक्त ती ऑफिसात बसून काढायची.

बदलापूरला चौदा हाफ डे लागतीलच असंही नाही. लोकल वेळेवर असेल तर सव्वाआठला तुम्ही स्टेशनबाहेर असाल. माप देणं, कॅप बसवणं, टाके काढणं ही कामं रात्रीची होतात. रूट कॅनलच्या मोठ्या सिटिंग रविवारी सकाळी घ्या. तीनही कॅपची मापं एकाच वेळी घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. दोन-तीन फेऱ्या तिथंच वाचतात. पूर्ण दिवसाची सुट्टी खरं तर इम्प्लांट बसवण्याच्या दिवशीच लागेल. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, म्हणून तो दिवस शनिवार-रविवारला जोडून घ्या.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्ष संपलं की बुडते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. ती तुम्हाला देतात का, हे मालकांना विचारा. भांडू नका, उपचाराचा कागद आणि तारखा घेऊन जा आणि आधीच सांगून ठेवा. हिशेब खात्यातल्या माणसाला महिनाअखेर टाळून तारखा देता येतात, आणि मालकालाही ते सोयीचं पडतं.

हप्त्याचंही सांगतो. रोखीचा भाव १,०९,८०० आणि हप्त्यांचा १,२२,०००. म्हणजे वरचे १२,२०० हे व्याजच आहे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, हे धरलं तर वर्षाचा दर २० टक्क्यांच्या घरात जातो. त्यात प्रोसेसिंग फी लावली तर आणखी वर. आणि हे तुमच्या नावावरचं कर्ज असतं: वित्तसंस्था क्लिनिकला पैसे देऊन मोकळी होते. उपचार मध्येच थांबला, डॉक्टर बदलले, काम पटलं नाही, तरी हप्ता चालूच. दातांच्या लांब उपचारात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पैसे सिटिंगप्रमाणे द्या, कुणालाही एकरकमी नको.

इम्प्लांटचा स्वभाव या बाबतीत तुमच्या बाजूचा आहे. हाडात स्क्रू बसवल्यावर तो पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात, मग वर कॅप. हे महिने तुमच्या बचतीचे. तुमच्या बदलापूरच्या कोटेशनमध्ये रूट कॅनल १३,५००, कॅप २४,००० आणि इम्प्लांट ३५,००० आहे. जून ते ऑगस्ट रूट कॅनल आणि कॅप उरका: ३७,५०० पैकी १८,००० दरमहाच्या ६,००० बचतीतून आणि १९,५०० एफडीतून. अख्खी एफडी मोडू नका. बँक अर्धवट रक्कम काढू देते का ते पाहा. मग दिवाळीच्या बोनसवर स्क्रू आणि मार्चमध्ये कॅप. दाढ काढलेली जागा काही महिने थांबू शकते. वर्षानुवर्षं नाही, कारण शेजारचे दात कलतात आणि हाड झिजतं. म्हणून मार्चपुढे ढकलू नका.

रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप मात्र लगेच बसवा. पैसे नाहीत म्हणून ती तशीच ठेवली आणि चावताना दुभंगली, तर साडेबारा हजारांच्या कामाचं पस्तीस हजारांचं इम्प्लांट होतं.

मेडिक्लेमवर फार विसंबू नका. अपघात सोडला तर दातांचा दवाखान्यातला खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो; ओपीडीचं कलम असेल तरच काही मिळेल. बिलावर जीएसटी लावला असेल तर विचारा, कारण उपचारासाठीच्या आरोग्यसेवेवर तो नाही.

तीनही दाढांना रूट कॅनल खरंच लागतं का, याबद्दल मनात शंका असेल तर एक्स-रे घेऊन एकदा सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दाखवा. तिथं खर्च अगदी थोडा, पण सकाळची ओपीडी आणि फेऱ्या जास्त. सगळा उपचार तिथं करणं तुमच्या नोकरीत बसणार नाही. दुसरं मत घ्यायला मात्र एक सकाळ द्यायला हरकत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की डावीकडची दाढ रात्री ठणकते आणि गोळी घेऊन झोपावं लागतं. त्या दाढेला वरचं कुठलंही वेळापत्रक लागू नाही. मालकांशी बोलणं, दुसरं मत, एफडी, सगळं नंतर. येत्या रविवारची वेळ आजच घ्या, आणि ठणका वाढला किंवा गालावर सूज आली तर रविवारचीही वाट न बघता त्याच दिवशी हाफ डे टाका.