वडिलांना काय सांगायचं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बारावीनंतर तुला कला महाविद्यालयाची सीईटी द्यायची आहे, घरी बी.एस्सी.चा आग्रह आहे आणि वडिलांनी एकच गोष्ट विचारायला सांगितलीय : "पोरीत उपजत कला आहे का, ते सरांनी सांगावं." मी हो म्हटलं तर ते पैशाची जुळवाजुळव करणार, नाही म्हटलं तर विषय संपला. असा निकाल मी देणार नाही. एवढा मोठा निर्णय त्या एका प्रश्नावर टाकायची माझी तयारी नाही. का, ते सविस्तर लिहितो. हे पत्र त्यांनाही वाचायला दे.

उपजत काही नसतंच, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वर्गात एखादं पोर असं निघतं की समोर तांब्या ठेवला तर पहिल्या चार रेघांत त्याचं प्रमाण बरोबर येतं. बाकीच्यांना तिथं यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हा फरक खरा आहे. पण तो सुरुवातीच्या वेगाचा आहे. ज्यांना सगळं लवकर जमलं, त्यातली कितीतरी पोरं पहिल्यांदा अडल्यावर चित्रकलाच सोडून गेलेली मी पाहिली. अडल्यावर काय करायचं, हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

शिवाय 'उपजत' म्हणून आपण ज्याला नावाजतो, त्यातलं बरंचसं घरात मिळालेलं असतं. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचा गोंधळ ज्यांनी ऐकला, ते गोंधळ्याच्या रक्तातच कला असते असं म्हणायचे. रक्ताचं मला माहीत नाही. पण गोंधळ्याच्या घरातलं लेकरू चालायला लागायच्या आधीपासून संबळ ऐकतं, रात्र रात्र बापाच्या मागे बसतं, पेंगतं, पुन्हा जागं होतं. दहाव्या वर्षी त्याचा हात बसलेला दिसतो तेव्हा त्यामागची ती सगळी वर्षं लोकांच्या हिशेबात नसतात. तुझ्या घरात चित्र काढणारं कोणी नव्हतं, म्हणून तुझी सुरुवात उशिरा झाली. एवढाच त्याचा अर्थ घे.

'दहा हजार तास सराव केला की कोणीही तरबेज होतो', हा आकडा तू कुठंतरी वाचलेला दिसतो. तो १९९३ च्या एका अभ्यासातून आला. बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या सर्वांत चांगल्या व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी तेवढा एकट्याने रियाज केला होता. ही सरासरी होती, हमी नव्हे. पुढे २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा संगीतात माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे २१ टक्केच फरक सरावाच्या तासांशी जोडता आला. तेव्हा तास मोजत बसू नकोस. तासात काय केलंस, ते बघ.

तुझ्या वहीत पोळ्याच्या बैलाची सात-आठ चित्रं आहेत. शिंगं झकास, झूल त्याहून झकास, आणि मागचे पाय प्रत्येक चित्रात तसेच चुकलेले. मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूला कोन करून असतो, तो तू गुडघा समजून काढतेस. तो घोटा आहे. आपली टाच जशी, तशी ती बैलाची टाच वर उचललेली. खरा गुडघा वर, पोटाला लागून, कातडीखाली दडलेला असतो. हे कळल्याशिवाय बैल उभा राहत नाही, नुसता कागदावर चिकटतो. तू आठव्यांदा झूल आणखी सुरेख रंगवलीस, कारण ती तुला येते. जे येतं तेच पुन्हा करणं गोड लागतं, पण त्यानं हात पुढे सरकत नाही. महिनाभर फक्त मागचे पाय काढ. बसलेल्या बैलाचे, उठताना जोर लावणाऱ्याचे, पाणी पिताना पुढे झुकलेल्याचे. माळेगावच्या यात्रेला जाशील तेव्हा जनावरांच्या बाजारात वही घेऊन बस. देवणी जातीच्या बैलाची ठेवण वेगळी, लाल कंधारीची वेगळी. जनावर हलतं, गिऱ्हाईक मधे येतं, चित्र अर्धवट राहतं. राहू दे. मोबाईलमधल्या फोटोवरून काढशील तर तो सगळा त्रास वाचेल आणि त्यासोबत शिकणंही.

आता प्रेरणेचं. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून वर्ग भरतात. त्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यामुळे कित्येकांच्या हातात पहिल्यांदा ब्रश आला. पण परीक्षा झाली की बहुतेकांची रंगपेटी माळ्यावर जाते. १९७३ मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. ज्यांना चित्र काढायची मुळातच हौस होती, त्यातल्या काहींना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. काही दिवसांनी तीच मुलं, काहीही कबूल न केलेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक दिलं, त्यांची हौस मात्र टिकली. बक्षीस घे, त्याच्या आशेनं कागदावर बसू नकोस.

मग कशाच्या आशेनं बसायचं? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचं नाव आहे. त्यानं ते लेणं दान दिलं. रंगवणाऱ्याचं नाव मात्र नाही. त्यांना पोटाला मिळत असणार, फुकट राबले असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या लेण्याचं छत मान वर करून नीट बघ. तिथं हंसांची एक गोल रांग आहे. एकाची मान वळलेली, एकाची चोच पंखात, एकही दुसऱ्यासारखा नाही. एकच हंस गिरवून रांग पुरी केली असती तरी मजुरी तेवढीच मिळाली असती आणि त्या अंधुक उजेडात कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तरी त्या माणसाला प्रत्येक हंस वेगळा हवा होता. कलावंताला काय चालवतं, असं कोणी विचारलं की मला ते छत आठवतं.

आणि रॉबर्ट गिल. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आला आणि जवळपास वीस वर्षं त्या कामात राहिला. लंडनला पाठवलेल्या त्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. १८७२ पासून जे. जे. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स मुंबईहून विद्यार्थी घेऊन आले, पुन्हा पहिल्यापासून नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. चित्र राहीलच याची खात्री कोणालाच नसते. काढताना जे दिसलं, ते मात्र त्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिलं.

वडिलांची काळजी खरी आहे, तिला नाक मुरडू नकोस. सोयाबीनच्या भावावर घर चालतं, तिथं पोटापाण्याचं विचारणं हा कलेचा अपमान नाही. त्यांना सांग की छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, उपयोजित कलेत गेलीस तर जाहिरात, छपाई, अ‍ॅनिमेशन ही कामं मिळू शकतात, आणि कलाशिक्षक व्हायचं तर ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका आहे. नोकरीची खात्री मी देणार नाही. त्यांनीही माझ्याकडून ती मागू नये.

माझ्याबद्दल विचारशील तर, तुझ्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं. इंटरमिजिएट होऊन दोन वर्षं झाली, कोणी सांगितलं नाही, गुण मिळणार नाहीत, तरी तुझी वही भरत राहिली. वडिलांना हेच सांग. उपजत कलेबद्दल त्यांना जे हवंय, त्याच्या जवळचं मला इतकंच सांगता येतं.

दिवाळीत ये. येताना वह्या आण. चांगली चित्रं निवडून आणू नकोस, बिघडलेल्यांसकट तारखेनं लावून सगळी आण. मागच्या पायांपासून सुरुवात करू. वडील आले तर त्यांनाही घेऊन ये.

तुझे,
सर