शंभर वर्षांच्या रिव्हॉल्व्हरला ओरिजिनल स्प्रिंग मिळेल का?

प्रश्न (ओहायो, अमेरिका): इथे एका जुन्या घरातल्या सामानाच्या सेलमध्ये आयव्हर जॉन्सन कंपनीचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं, वरून उघडून नळी खाली झुकणारं. घोडा लुळा पडलाय, आतली स्प्रिंग तुटलीय. मला ओरिजिनलच हवी, नवी बनवलेली नको. कुठे शोधू?

उत्तर: शोधायच्या आधी तुमचं मॉडेल कुठलं ते बघा, कारण निम्मे लोक फोटो बघून ऑर्डर मारतात आणि भलतीच स्प्रिंग घरी येते. १८९४ पासून निघालेल्या सुरुवातीच्या मॉडेलांत घोड्याला पट्टीची स्प्रिंग आहे आणि १९०९ पासूनच्या मॉडेलात कॉइल, बाहेरून मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. आधी रिकामं आहे ना ते नीट बघा, मग मुठीच्या पट्ट्या काढा, आत काय आहे ते लगेच कळेल.

कॉइलवालं असेल तर काम सोपं. पट्टीवालं असेल तर जुन्या मोडक्या रिव्हॉल्व्हरांतून काढलेले पार्ट हाच मुख्य सोर्स, न्यूयॉर्क राज्यातल्या नमरिकसारखे जुन्या पार्टचे व्यापारी हेच करतात. विकणाऱ्याला नुसतं ".३२ची स्प्रिंग द्या" म्हणू नका, तुटलेले तुकडे स्केलशेजारी ठेवून फोटो पाठवा. आणि आलेली पट्टी भिंगातून बघा, गंजाचे खड्डे असतील तर घेऊ नका, पट्टी तिथूनच तडकते.

आता माझं मत, पटलं तर बघा. ओरिजिनल म्हणजे चांगली असं नाही, शंभर वर्षं ताणाखाली राहिलेली पट्टी थकलेली असते. मी तर नव्याने बनवलेली बसवीन आणि तुटलेली पाकिटात घालून रिव्हॉल्व्हरसोबतच ठेवीन, म्हणजे पुढे कुणी घेणारा आला तर त्याला दोन्ही दाखवता येतील. किमतीची फार स्वप्नं पण बघू नका. १९०१ मध्ये बफलोला प्रेसिडेंट मॅकिन्लींवर गोळ्या झाडल्या त्या याच कंपनीच्या .३२ मधून, म्हणून आपल्याकडे खजिना आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ही तेव्हाची स्वस्तातली, ढिगाने विकलेली वस्तू होती.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पट्टीवाली मॉडेलं काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूसाठी केलेली, स्प्रिंग बसली म्हणून आजची गोळी त्यात घालायची नाही. पार्टसाठी दुसरं मोडकं पीस घेणार असाल तर तारीख बघा, तिथल्या फेडरल कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं ते अँटीक, नंतरचं साधं फायरआर्म, शिवाय तुमच्या राज्याचे नियम वेगळे.

प्रश्न (सांगली): वडिलांच्या लायसन्सवर आजोबांचं वेब्ली .३८ आहे, त्याची इंग्रजी व्ही आकाराची मेन स्प्रिंग मोडली. भाचा अमेरिकेत असतो, त्याच्याकडून मागवली तर चालेल का?

उत्तर: नाही हो, भाच्याला त्यात अजिबात पाडू नका. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे पार्टही येतात, बाहेरून आणायला वेगळं लायसन्स लागतं आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही लागतं. ओळखीच्या लेथवाल्याकडेही नेऊ नका. वडिलांनी स्वतः लायसन्स घेऊन परवानाधारक आर्म्स डीलरकडे जावं, दुरुस्तीचं लायसन्स आहे का ते विचारावं आणि रिव्हॉल्व्हर ठेवून येताना पावती घ्यावी.