एका रस्त्याचे दोन चेहरे
(वाचक विचारतात)

प्रश्न: बर्लिनच्या कार्ल मार्क्स अले या रस्त्यावर एका बाजूला महालासारख्या इमारती दिसतात, तर आलेक्झांडरप्लात्झच्या बाजूला साधे ठोकळे. बांधणारं सरकार एकच ना?

उत्तर: सरकार एकच, पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट सरकार; धोरण पालटलं. २१ डिसेंबर १९४९ला, स्टालिनच्या सत्तरीनिमित्त, रस्त्याला त्याचं नाव मिळालं. १९५२पासून रस्त्यातल्या श्ट्राउसबर्गर प्लात्झ या चौकाच्या पूर्वेला हेर्मान हेन्झेलमान आदी वास्तुकारांनी स्तंभ, कमानी आणि टाइलांनी नटलेली घरं उभी केली; रस्त्याची रुंदी जवळपास ९० मीटर. विटांचं, हातकामाचं हे बांधकाम महागडं. त्यात पगार न वाढवता कामाचं ठरलेलं प्रमाण १० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा १६ जून १९५३ला इथल्याच गवंड्यांनी काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी संप देशभर पसरला आणि सोव्हिएत रणगाडे आले.

१९५४मध्ये स्टालिननंतरचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने फाजील नक्षीवर टीका करून कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटचा आग्रह धरला. त्यामुळे १९५९ ते १९६५मध्ये श्ट्राउसबर्गर प्लात्झच्या पश्चिमेला, म्हणजे आलेक्झांडरप्लात्झकडे, तयार भिंतींचे तुकडे क्रेनने चढवून घरं झाली. नक्षी गेली, पण मोकळी जागा वाढली, आणि तो भाग कमअस्सल मानायचं कारण नाही. १९६३चं किनो इंटरनॅशनल हे चित्रपटगृह त्याच टप्प्यातलं.

प्रश्न: जुन्या भागातल्या टाइल गळून पडल्या, असं वाचलं. का?

उत्तर: सिरॅमिक टाइल बांधकामाच्या मसाल्यावर बसवलेली असते. सांधा उघडा पडला की पाणी मागे शिरतं, बर्लिनच्या थंडीत गोठून फुगतं आणि टाइल सुटते. त्यामुळे नुसता पडलेला तुकडा परत चिकटवून भागत नाही. आधी पाण्याची वाट बंद करावी लागते, मग ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या टाइलही काढाव्या लागतात. मोठी डागडुजी एकीकरणानंतर, नव्वदच्या दशकात झाली.

प्रश्न: पाहायचं कुठून?

उत्तर: यू-५ मेट्रोने फ्रांकफुर्टर टोरला उतरा. तिथले दोन घुमटवाले मनोरे बर्लिनच्याच जेंडार्मेनमार्क्ट चौकातल्या मनोऱ्यांच्या धाटणीचे आहेत. तिथून पश्चिमेकडे चाला. वेबरविझे स्थानकापासून जरा आत, १९५२चा हेन्झेलमानचा उंच मनोरा चुकवू नका. स्टालिनचा पुतळा मात्र शोधू नका: तो नोव्हेंबर १९६१मध्ये, रस्त्याचं नाव बदललं तेव्हाच, हटवला.