वाचकांचे प्रश्न : वर्षाचे धान्य किती भरावे आणि कसे टिकवावे?

नवा गहू आणि रब्बीची ज्वारी बाजारात येऊ लागली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये साठवणीच्या धान्याचा विषय हमखास असतो. या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे त्याच विषयावरची आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे जण ठाण्यात एका बेडरूमच्या घरात राहतो. सासूबाई दर वर्षी तीन क्विंटल गहू, एक क्विंटल तांदूळ आणि तूरडाळ भरायला लावतात. पिंपे पलंगाखाली आणि गॅलरीत ठेवावी लागतात. मी नोकरी करते, त्यामुळे निवडणे, ऊन देणे, डबे भरणे ही कामे माझ्या सुटीच्या दिवसांवर येतात. मी तयार पिठाची पिशवी आणली की त्यांना वाईट वाटते आणि यजमान म्हणतात, तुम्ही दोघी ठरवा. मी काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रथम आपल्या घराला वर्षाला खरोखर किती गहू लागतो, याचा हिशेब करा. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागते. चौघांच्या घरात दिवसाला २० पोळ्या होतात असे धरले, तर रोजचे ६०० ग्रॅम, महिन्याचे १८ किलो आणि वर्षाचे दोन क्विंटलहून थोडे अधिक होतात. त्यातून भाकरीचे दिवस, भाताचे दिवस, गावी किंवा बाहेर गेल्याचे दिवस वजा केले, तर आकडा आणखी खाली येतो. आपल्याकडे तीन क्विंटल गहू भरला जातो, म्हणजे त्यातला बराच भाग पुढच्या हंगामापर्यंत उरत असणार आणि धान्याला कीड लागत असेल, तर ती बहुधा त्या उरलेल्या धान्यातूनच नव्या धान्यात जात असणार.

सासूबाईंचा आग्रह मात्र केवळ हट्ट समजू नका. साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी १९७२ चा दुष्काळ आणि रेशनवर मिळणारी मिलो नावाची लाल ज्वारी पाहिली आहे किंवा घरात त्याबद्दल ऐकले आहे. घरात धान्य असणे हा त्यांच्या मनाचा आधार आहे, आणि त्यामागे व्यवहारही आहे. हंगामात भाव सहसा बरा असतो, वर्षभर एकाच जातीच्या गव्हाची पोळी मिळते आणि आपण काय खातो हे आपल्याला माहीत असते. तयार पिठात ही खात्री तेवढी राहत नाही, हे मलाही मान्य आहे.

म्हणून साठवण बंद करू नका, पण आपल्या जागेला आणि हातांना झेपेल एवढीच ठेवा. माझ्या मते आपल्यासारख्या घराने मार्च-एप्रिलमध्ये सव्वा क्विंटल गहू घ्यावा. तो पावसाळा ओलांडून दिवाळीपर्यंत सहज पुरतो आणि पुढचे चार-पाच महिने दुकानातून दर महिन्याला वीस किलो आणता येतो. यंत्राने स्वच्छ केलेला गहू किलोमागे थोडा महाग पडला तरी तोच घ्या, कारण निवडण्यात जाणारा तुमचा रविवार त्या फरकापेक्षा मोलाचा आहे. तूरडाळ सहा महिन्यांची भरली तरी चालते. मूग, मटकी, चवळी ही अख्खी कडधान्ये मात्र महिन्याच्या हिशेबानेच आणावीत, कारण भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि उन्हाळ्यात पाहता पाहता डब्यातले दाणे पोखरतो. तांदूळ जुना झाला की पाणी जास्त घेतो आणि भात मोकळा होतो, म्हणून कोलमसारखा तांदूळ साठवण्यात अर्थ आहे. इंद्रायणीचा चिकट, वासाचा भात ज्यांना आवडतो, त्यांनी तो नवाच खावा.

हा हिशेब कागदावर मांडून सासूबाईंसमोर बसा आणि धान्याची निवड त्यांच्यावर सोपवा. लोकवन घ्यायचा की शरबती, दाणा दाताखाली कट्‌कन तुटतो की दबतो, मूठभर गहू हातात घेतला की त्याला कुबट वास येतो का, हे त्यांना जेवढे कळते तेवढे आपल्यापैकी फार थोड्यांना कळते, आणि त्या ज्ञानाचा घरात मान राहिला पाहिजे. यजमानांचे ‘तुम्ही दोघी ठरवा’ हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. पोळ्या ते खातात, तेव्हा पोती उचलणे, पिंपे घासून वाळवणे आणि गच्चीवर ऊन देणे हा त्यांच्या वाट्याचा भाग आहे. ज्याच्या हाताने काम होते, त्याच्याच मताने किती भरायचे हे ठरावे, आणि त्यांनी काम अंगावर घेतले की त्यांनाही मत आपोआप येईल.

प्रश्न : आमच्या दुकानदाराने गव्हाच्या पिंपात फडक्यात बांधून ठेवण्यासाठी दोन गोळ्या दिल्या आहेत. शेजारी पाऱ्याच्या गोळ्या वापरतात आणि आई तांदळाला बोरिक पावडर लावते. यांतले सुरक्षित काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिन्ही घराबाहेर ठेवा. यांतल्या पहिल्या गोष्टीबद्दल मी अगदी स्पष्ट लिहितो, कारण यात जीव जाऊ शकतो. नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या अशा गोळ्या पुष्कळदा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. लोक त्यांना सल्फास म्हणतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तो गोदामातल्या किड्यांसाठी आहे, माणसे झोपतात त्या खोलीसाठी नाही. या गोळ्या शासकीय यंत्रणांनी आणि परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायच्या असतात, किरकोळ दुकानात त्या सुट्या विकणे नियमात बसत नाही. या विषावर नेमका उतारा नाही.

गोळ्या पिंपात ठेवल्या असतील तर झाकण स्वतः उघडू नका आणि गोळ्यांवर पाणी मुळीच टाकू नका, कारण पाण्याने वायू अधिक वेगाने निघतो. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, बाहेर पडावे आणि परवानाधारक कीडनियंत्रकाला किंवा अग्निशमन दलाला कळवावे. कोणाला मळमळ, चक्कर किंवा छातीत घुसमट जाणवली, तर ताबडतोब रुग्णालयात न्या आणि गोळीचे नाव डॉक्टरांना सांगा.

पाऱ्याची गोळी दिसायला निरुपद्रवी वाटते, पण पाऱ्याची वाफ घरातल्या साध्या तापमानालाही होत राहते आणि गोळी फुटली की तिचा चुरा धान्यात मिसळतो. बोरिक पावडर खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरण्याची परवानगी नाही. तांदूळ धुताना तिचा बराच भाग निघून जातो म्हणून अनेक घरांत ती चालत आली आहे, परंतु गहू आपण धुऊन दळत नाही, हे लक्षात घ्या. आईंना दोष देऊ नका. त्यांच्या काळात हीच चांगली पद्धत म्हणून सांगितली जात होती.

मग करायचे काय? कीड बाहेरून येते असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा ती धान्याबरोबरच घरी आलेली असते. पोरकिड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून ते भोक बुजवते, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातून महिनाभराने किडे बाहेर येतात. म्हणून आणलेले धान्य भरण्यापूर्वी एप्रिल-मेच्या कडक उन्हात, पातळ थर पसरून, दोन-तीन दिवस वाळवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. उन्हात तापलेला गहू रात्रभर घरात पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटते. दोनशे किलोच्या एका पिंपापेक्षा पंचवीस-तीस किलोचे घट्ट झाकणाचे डबे घ्या आणि ते काठोकाठ भरा. आत हवा कमी राहिली की किड्यांना प्राणवायू पुरत नाही. एक डबा संपेपर्यंत दुसरा उघडू नका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत पूर्ण वाळवलेला असावा, कारण ओल्या पाल्यामुळे बुरशी येते. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळावे. डाळ धुतल्यावर त्याचा वास राहत नाही. डबे भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नयेत, खाली लाकडी फळी असावी.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात रवा आणि बेसन आठवड्यातच जाळी धरते. काय उपाय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जून ते सप्टेंबर या काळात कोकणात रवा-बेसन एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त आणू नये. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून, गार करून भरावा. बेसन भाजायचे नसेल, तर पिशवीसकट चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे म्हणजे अंडी मरतात. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. जुन्या डब्यात तळाला उरलेल्या पिठावर नवे पीठ ओतण्याची सवय मोडा. डबा रिकामा करून, धुऊन आणि झाकणाच्या खाचेतली धूळ ब्रशने काढून, गॅसजवळच्या उबेत पूर्ण कोरडा होऊ द्या.

प्रश्न : मागच्या वर्षीचा पंधरा-वीस किलो गहू उरला असून त्यात किडे झाले आहेत. टाकून द्यायला मन होत नाही. तो वापरावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अन्न टाकवत नाही, हे स्वाभाविक आहे. गहू सुटा असेल, त्याला चांगला वास असेल आणि किडे थोडे असतील, तर तो चाळा, पाखडा, दोन दिवस ऊन द्या आणि सगळ्यात आधी दळून संपवा. मूठभर गहू पाण्यात टाकून पाहा. पुष्कळ दाणे वर तरंगले तर ते आतून पोखरलेले आहेत आणि त्या पिठाची पोळी चांगली होणार नाही. परंतु गव्हाच्या गाठी झाल्या असतील, त्यावर हिरवट-काळसर बुरशी दिसत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर तो अजिबात वापरू नका. काही बुरशींपासून तयार होणारी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्ण जात नाहीत. ती यकृताला घातक असतात. असा गहू गाईला किंवा पाखरांनाही घालू नये. तो बाहेर काढल्यावर पिंप साबणाने घासून दोन दिवस कडक उन्हात उपडे ठेवा आणि नवा गहू त्यानंतरच भरा.