किरायाचे घर आणि आपली कागदपत्रे : वाचकांचे प्रश्न

मे-जून महिन्यांत नागपुरात घरे रिकामी होतात आणि पुन्हा भरतात, कारण महाविद्यालयांचे प्रवेश, बदल्या आणि नव्या नोकऱ्या एकाच सुमारास येतात. या वेळी आलेल्या पत्रांत घर शोधताना मागितल्या जाणाऱ्या कागदांविषयीच अधिक विचारणा आहे, म्हणून संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मूळची गोंदिया जिल्ह्यातली असून मिहानमधील एका कंपनीत मला नोकरी लागली आहे. मनीषनगर किंवा बेसा भागात एका बेडरूमचा फ्लॅट किरायाने हवा आहे. जाहिरातीवरून ज्या दलालाशी बोलले, त्याने घर दाखवण्याआधीच आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, पॅन कार्ड, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर मागितले. “मालकांना आधी पाठवावं लागतं मॅडम, घ्यायला दुसरे तयार आहेत,” असे तो म्हणतो. हे सगळे द्यावे का? नाही म्हटले तर घर हातचे जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : घर पाहण्याआधी यांपैकी एकही कागद देऊ नये. ज्याला आपण पाहिलेले नाही आणि ज्याच्याकडे ते घर दाखवण्याचा अधिकार आहे की नाही हेही आपल्याला ठाऊक नाही, अशा माणसाच्या फोनमध्ये हे कागद एकत्र गेले, की आपले नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र, पॅन, बँक खाते आणि मिळकत एका जागी जमा होते. दुसऱ्याच्या नावावर सिम कार्ड घेऊ पाहणाऱ्याला किंवा ऑनलाइन कर्ज उचलू पाहणाऱ्याला नेमका हाच संच हवा असतो. दलाल प्रामाणिक असला तरी धोका संपत नाही, कारण एका ग्राहकाचे कागद तो अनेक मालकांना पाठवतो, ते त्यांच्याही फोनमध्ये राहतात आणि फोन हरवला, विकला किंवा दुरुस्तीला दिला तरी कोणी ते काढून टाकत नाही.

मालकाला काही जाणून घ्यायचे असते, हे मला पूर्ण मान्य आहे. समोरची व्यक्ती तीच आहे ना, तिला दरमहा भाडे देणे झेपेल ना आणि ती घर नीट ठेवील ना, एवढे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र यांपैकी कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरासाठी बँक स्टेटमेंट लागत नाही. आपण कोणत्या दवाखान्यात जाता, कोणते औषध घेता, घरी किती पैसे पाठवता, कोणाचे उधार फेडता आणि कोणत्या संस्थेला वर्गणी देता, हे सगळे त्या सहा महिन्यांच्या नोंदींत दिसते. सॅलरी स्लिपवरही पगाराखेरीज बहुधा पॅन, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि खाते क्रमांक छापलेला असतो. त्याऐवजी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून, आपण तेथे कायम किंवा कंत्राटी नोकरीत आहात आणि पगार अमुक रकमेपेक्षा अधिक आहे, असे एका परिच्छेदाचे पत्र घ्यावे. मालकाची खात्री पटण्यास ते पुरेसे असते. ते शक्य नसल्यास सॅलरी स्लिपवरील नाव, कंपनी आणि हाती येणारी रक्कम एवढेच ठेवून बाकी काळे करावे.

कागद टप्प्याटप्प्याने द्यावेत. घर पाहताना नाव, नोकरीचे ठिकाण आणि फोन नंबर एवढे पुरते. घर पसंत पडले आणि मालकांशी प्रत्यक्ष बोलणे झाले, की ओळखपत्र समक्ष दाखवावे; दाखवणे आणि हाती देणे यांत फार अंतर आहे. प्रत द्यायची ती करार करताना, आणि तीही मास्क्ड आधारची. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते, तिच्यावर बारा अंकांपैकी शेवटचे चारच अंक दिसतात आणि ओळखीसाठी ती वैध आहे. मालकाला खरेपणाची शंका असेल, तर कार्डावरील क्यूआर कोड प्राधिकरणाच्या ॲपने तपासता येतो, आणि ही तपासणी झेरॉक्स प्रतीकडे पाहण्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवानाही देता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांना आधार वापरण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आधारचा स्वेच्छेने वापर करता येतो, सक्ती मात्र मालकाला करता येत नाही.

प्रत्येक प्रतीवर, मजकूर झाकला जाणार नाही अशा बेताने, तिरकी ओळ लिहावी : “केवळ अमुक पत्त्यावरील घराच्या भाडेकरारासाठी”, खाली तारीख आणि सही. प्रत काढताना झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर ईमेल उघडून फाइल तशीच सोडून येऊ नये. सीताबर्डी आणि मेडिकल चौक परिसरातील गर्दीच्या दुकानांत एकाच संगणकावर दिवसभर अनेकांच्या फाइल उतरतात, आणि मागे राहिलेली फाइल पुढचा कोणीही उघडू शकतो.

आपणही मालकांना कागद मागावेत. महावितरणचे वीज बिल किंवा महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती मालकाच्या नावाची आहे का, हे पाहण्यात संकोचण्याचे कारण नाही. बदली झालेला सैनिक किंवा अधिकारी असल्याची बतावणी करून, घर न दाखवताच टोकन मागणारे, किंवा “पैसे परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा” असे सांगणारे भामटे अनेक शहरांत सापडले आहेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही.

दलालाला एवढेच लिहावे : “घर पाहून मालकांशी बोलणे झाले की ओळखपत्र समक्ष दाखवीन आणि करार करताना प्रत देईन.” एकट्या राहणाऱ्या मुलीला असा आग्रह धरणे किती कठीण जाते, याची मला जाणीव आहे, घर आधीच मोजक्या ठिकाणी मिळते आणि नकाराची भीती खरी असते. तरीही एवढ्या साध्या विनंतीवर जो दलाल घर दाखवायलाच नकार देतो, त्याच्यामार्फत घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : लक्ष्मीनगर येथे माझे दुमजली घर असून वरचा मजला मी वर्षानुवर्षे भाड्याने देतो. काही अघटित घडले तर पोलीस मलाच विचारणार, म्हणून मी प्रत्येक भाडेकरूचे सगळे कागद घेऊन ठेवतो. जुन्या भाडेकरूंच्या फाइलीही कपाटात आहेत. यात माझे काही चुकते आहे का?

उत्तर : काळजी रास्त आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. ही माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते किंवा पोलीस ठाण्यात देता येते. जबाबदारी आपली आहे, म्हणून फॉर्म आपणच भरावा आणि पोच जपून ठेवावी. काही घरमालक भाडेकरूकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाच मागतात. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि ती या सूचनेची जागा घेऊ शकत नाही.

आपले खरे संरक्षण कपाटातील झेरॉक्स प्रतींत नसून नोंदणीकृत करारात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा स्टॅम्प पेपर करून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. महानगरपालिका क्षेत्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची परवानगी देणाऱ्या कराराची, नोंदणी फी एक हजार रुपये आहे, म्हणजे खर्चाची सबब फारशी टिकत नाही.

जुन्या फाइलींविषयी : घर सोडून गेलेल्या भाडेकरूचा नोंदणीकृत करार, पोलीस सूचनेची पोच आणि भाड्याच्या नोंदी ठेवाव्यात. त्याच्या पॅनची, पासबुकाची, नातेवाइकांच्या ओळखपत्रांची प्रत आपल्या काही कामाची नाही आणि ती चोरीला गेली तर त्रास त्याला होणार आहे. अशा प्रती बारीक फाडून टाकाव्यात. रद्दीवाल्याला देऊ नयेत. फोनमधील छायाचित्रे काढून टाकताना गॅलरीबरोबर व्हॉट्सॲपमधील आणि ऑनलाइन साठवणीतील प्रतीही काढाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट, कारण अनेक घरमालकांना तिचा राग येतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराचे वार्षिक भाडे एक लाखाहून अधिक असेल, तर त्याला घरमालकाचा पॅन स्वतःच्या कार्यालयात द्यावा लागतो. ती मागणी नियमाला धरून आहे. आपणही पॅनचा क्रमांक लिहून द्यावा. कार्डाची रंगीत प्रत देण्याची गरज नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र त्रिमूर्तीनगरच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला आलो. पदाधिकाऱ्यांनी आमचा करार आणि आधार कार्डे मागितली आणि “नवीन भाडेकरू” म्हणून ती इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. आम्हाला जात आणि जेवणाच्या सवयीही विचारल्या. याविरुद्ध काही करता येते का?

उत्तर : जे झाले ते अयोग्य आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यापूर्वी मालकाने संस्थेला कळवायचे असते आणि कराराची व पोलीस सूचनेची प्रत द्यायची असते. नागपुरात अनेक इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघ आहेत. तेथे त्यांचे स्वतःचे नियम पाहावे लागतात. कोणत्याही परिस्थितीत या प्रती कार्यालयाच्या फाइलीत राहण्यासाठी असतात. चौथ्या मजल्यावरील शेजाऱ्याला आपला आधार क्रमांक कळण्याचे काहीही कारण नाही.

पहिले पाऊल म्हणजे सचिवांना लेखी विनंती : ते संदेश सर्वांसाठी डिलीट करावेत, आणि मुदत उलटून गेल्यामुळे ते होत नसेल तर सदस्यांना आपापल्या फोनमधून प्रती काढण्यास सांगावे. पत्र घरमालकांमार्फत द्यावे, कारण संघाचे सदस्य ते आहेत आणि त्यांच्या शब्दाला तेथे वजन असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमती, सूचना व माहिती पुसण्याविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्या कायद्याचे मूळ सूत्र आहे. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करावा.

जातीविषयी स्पष्ट लिहितो. भाडेकराराला जात लागत नाही आणि नोंदणीलाही लागत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याचा उद्देश उघड असतो आणि त्याचे उत्तर देण्यास आपण बांधील नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात हा प्रश्न आजही जिन्यावर उभे करून विचारला जातो, याचे मला मनापासून दुःख होते. स्वयंपाकाविषयी मालकांची काही अट असेल, तर ती त्यांनी करारापूर्वी सांगायला हवी होती. इमारतीतील इतरांनी चौकशी करण्याचा तो विषय नाही.

प्रश्न : करार ऑनलाइन नोंदवताना आम्ही आधार क्रमांक आणि अंगठा दिला. पूर्वी एका दलालालाही सगळे कागद पाठवले होते आणि तो आता फोन उचलत नाही. आता काय करावे?

उत्तर : अंगठ्याविषयी आधी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या नोंदणीकृत दस्तांची पुस्तके कोणालाही पाहता येतात आणि नक्कल मिळते. देशात काही ठिकाणी दस्तांवरील अंगठ्यांच्या ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे उघडकीस आले आहेत. म्हणून करारात आधारचे शेवटचे चारच अंक लिहावेत आणि नोंदणीचे काम संपताच आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करावे, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणे बंद होते. पुन्हा अंगठा देण्याची गरज पडली तर ते तात्पुरते उघडता येते. लॉक केल्यानंतरही आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपी चालतो, त्यामुळे रोजची कामे अडत नाहीत.

दलालाकडे गेलेल्या कागदांसाठी तीन तपासण्या लगेच कराव्यात. संचार साथी या शासकीय पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते दिसते. अनोळखी क्रमांक असेल तर तेथेच कळवता येते. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली ओळख कोठे पडताळली गेली, याची यादी मिळते. आणि प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात न घेतलेले कर्ज दिसल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि ब्युरोला लेखी कळवावे. हीच तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण गैरवापर लगेच होतोच असे नाही.

काही गैर आढळले, तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांतच फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी खाते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. दलालाशी झालेले सर्व संदेश, त्याचा क्रमांक आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे. रागाच्या भरात चॅट पुसू नये, तक्रारीसोबत तेच जोडायचे आहे.