अमेरिकेतल्या फ्रान्सिस वेलँड यांची खरी ओळख कोणती, बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) धर्मोपदेशक की शिक्षणसुधारक?

दोन्ही, पण त्यांचं टिकाऊ काम शिक्षणातलंच आहे. जन्म १७९६, न्यूयॉर्क. वैद्यकी शिकले, मग धर्मशास्त्राकडे वळले, १८२१ पासून बॉस्टनच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री होते. १८२७ ते १८५५ ही तब्बल अठ्ठावीस वर्षं ते ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. माझ्या मताला आधार आहे त्यांनी १८५० मध्ये नियामक मंडळाला दिलेल्या अहवालाचा. ग्रीक-लॅटिनचा एकच साचा सगळ्यांना का, असं त्यात थेट विचारलंय. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांच्या मुलांना उपयोगी पडेल असं शेतीशास्त्र, उपयोजित रसायनशास्त्र शिकवा आणि विषय विद्यार्थ्याला निवडू द्या, ही त्यांची मागणी. त्या काळी हे फार धाडसाचं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावाला त्यांचंच नाव आहे. गावकऱ्यांनी तेवढीच रक्कम उभी केली तर ग्रंथालयासाठी ५०० डॉलर देईन, असं त्यांनी कळवलं आणि गावाने ती उभी केली. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

एक मात्र लक्षात घ्या: त्यांना सरसकट क्रांतिकारक म्हणता येणार नाही. गुलामगिरी अनैतिक आहे असं त्यांनी १८३५ च्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात लिहिलं, तरी तात्काळ मुक्तीची मागणी करणाऱ्यांपासून ते बरीच वर्षं दूर राहिले. नव्या प्रदेशांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांवर सोडणाऱ्या १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याला मात्र त्यांनी जाहीर विरोध केला. ब्राउनमधल्या सुधारणाही त्यांनी अध्यक्षपद सोडल्यावर बऱ्याच अंशी मागे घेतल्या गेल्या.