पियानोलावर हेडफोन लावून सराव करता येईल का?

प्रश्न : आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचा पियानोला आहे. पायाने भाते चालवले की तो कागदी रोलवर आपोआप वाजतो, आणि हाताने नेहमीच्या पियानोसारखाही वाजवता येतो. मागील वर्षी त्याचे भाते व रबरी नळ्या नव्याने करून घेतल्या. मुलगी ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो परीक्षेच्या पाचव्या ग्रेडची तयारी करीत असून तिला रात्री नऊनंतरच वेळ मिळतो, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. एरवी स्वतःहून वाजणाऱ्या या वाद्याला हेडफोनची सोय करून घेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : करून घेता येईल, मात्र वाद्य स्वतःहून वाजते याचा या कामी काहीच उपयोग नाही, उलट अडचणच आहे. रोलच्या भोकातून हवा शिरली की त्या स्वराची लहान भाती मिटते आणि हातोडी हलवणारा भाग उचलते, एवढेच त्या यंत्रणेचे काम. आपल्या मुलीने कोणती पट्टी किती वेगाने दाबली, हे त्या यंत्रणेला कळत नाही. त्यासाठी पट्ट्यांखाली प्रकाशाच्या साहाय्याने हालचाल टिपणारी सेन्सरची पातळ फीत, तिच्याकडून येणाऱ्या संदेशांचे आवाजात रूपांतर करणारी लहान पेटी आणि हातोड्यांना तारांपर्यंत पोहोचू न देणारी आडवी दांडी, अशा तीन वस्तू बसवाव्या लागतात. (गंमत म्हणजे पियानोलाचे रोल बनवणारी क्यूआरएस हीच कंपनी पुढे अशी फीत ‘पीएनओस्कॅन’ या नावाने विकू लागली.)

फीत आणि पेटी बसवणे तुलनेने सोपे आहे. खरा प्रश्न दांडीचा आहे. उभ्या पियानोत हातोडी तारेपासून साधारण 3 मिलिमीटरवर आली की तिला ढकलणारा खटका सुटतो आणि उरलेले अंतर ती स्वतःच्या वेगाने कापते. दांडी बसवल्यावर हातोडीचा दांडा तिच्यावर आपटण्याआधी खटका सुटला पाहिजे, नाहीतर तो अडकून भाग मोडण्याची भीती असते. म्हणून सर्व 88 स्वरांचे हे अंतर वाढवावे लागते. याची किंमत दांडी बाजूला सारून वाजवतानाही मोजावी लागते, कारण अगदी हळुवार वाजवण्यावरचा ताबा थोडा कमी होतो, आणि परीक्षेच्या तयारीत नेमका तोच लागतो. यामाहाने 1993 साली बाजारात आणलेल्या सायलेंट पियानोत ही रचना कारखान्यातच जुळवलेली असते; जुन्या वाद्यात ती ट्यूनरच्या हातावर अवलंबून राहते. शिवाय आपल्या पियानोलात खटक्याच्या स्क्रूंसमोरच भात्यांची चळत उभी असणार, म्हणजे एक स्क्रू फिरवण्यासाठी नुकत्याच नव्या केलेल्या नळ्या सोडवून ती चळत बाहेर काढावी लागेल. मी तरी हे करणार नाही.

त्याऐवजी आधी फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाची, सोय आहे का, ते पाहावे. पुष्कळ जुन्या पियानोलांत एक लहान दांडा ओढला की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पातळ पट्टी उतरते. नसल्यास चांगला ट्यूनर ती बसवू शकतो, आणि खटक्याचे अंतर सहसा बदलावे लागत नाही. आवाज पूर्ण जात नाही, पण बराच दबतो. तरीही हेडफोनच हवे असतील तर रात्रीच्या सरावापुरता वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

एवढे सांगूनही आपण दांडीच बसवून घेतलीत, तर हेडफोन तारेचेच वापरावेत, कारण ब्लूटूथमध्ये स्वर किंचित उशिरा ऐकू येतो आणि बोटे गोंधळतात. दांडी लावलेली असताना रोल लावू नये. सेन्सर पट्ट्या वाचतात, हातोड्या नव्हे, त्यामुळे रोलचा आवाज हेडफोनमध्ये भरवशाचा येणार नाही.

आता तक्रारीविषयी. ती खालच्या मजल्यावरून आली आहे, हे महत्त्वाचे. पट्ट्या तळाला टेकतानाचा ठकठक आवाज पियानोच्या पायांतून जमिनीत उतरतो, आणि तो दांडीनेही थांबत नाही. त्यामुळे कोणताही खर्च करण्यापूर्वी पियानोच्या चाकांखाली जाड रबराच्या वाट्या आणि त्याखाली सतरंजी घालावी, फेल्टची पट्टी असल्यास ती तारांसमोर आणून मुलीला वाजवायला सांगावे आणि आपण शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसून नेमके काय ऐकू येते, ते ऐकावे.